चारची

माझी दोन पोरं एकमेकांशी बोलत नाहीत, हे आमच्या मजल्यावर सगळ्यांना ठाऊक होतं. बोलत नाहीत म्हणजे अगदी बोलत नाहीत. एकाच खोलीत झोपतात, एकाच पातेल्यातलं जेवतात, पण शब्द नाही. थोरला सुबोध, धाकटा मिथुन. मध्ये मी.

"आई, त्याला सांग, गॅस संपलाय."

त्याला म्हणजे समोर बसून चहात पाव बुडवतोय त्याला. त्यानं ऐकलेलं असतं. अबोला तोंडाचा असतो, कानांचा नसतो. पण तो मान वर करत नाही. मग मी म्हणायचं, "सुबोध, गॅस संपलाय." मग तो म्हणणार, "त्याला सांग, नंबर लाव म्हणावं. मोबाइल हातातच आहे ना दिवसभर." मग मी इकडं वळायचं. मिथुन, नंबर लाव. नवखा माणूस घरात आला तर त्याला वाटेल, ही म्हातारी एकटीच दोन्ही बाजूंनी बडबडते.

जयंतीनंतरच्या रविवारी चेंबूरहून मुलीकडची माणसं मिथुनला बघायला आली, तिथून हे सुरू झालं. जय भीम झाला, पोहे झाले. मुलीच्या मामानं सुबोधला विचारलं, पोरगा नोकरीत टिकतो ना? सुबोध म्हणाला, "टिकतो की. सहा महिने हमखास टिकतो." आणि हसला. मामा हसला नाही. मुलीला अजून शिकायचंय, असा फोन दोन दिवसांनी आला. त्या दिवशी मिथुन म्हणाला, "मला भाऊ नाही." सुबोध म्हणाला, "बरं झालं. अंथरूण पसरायला जागा होईल." त्यांचं एकमेकांशी झालेलं शेवटचं बोलणं ते.

घाटकोपरला पंतनगरच्या मागं आमची खोली आहे. एक खोली आणि स्वयंपाकाची जागा. दारातून आत आलं की डाव्या हाताला कॉम्प्युटर. तो मिथुननं जुळवलेला आहे. ऑफिसांमध्ये जाऊन बिघडलेले कॉम्प्युटर नीट करायचं काम तो करतो, कधी या कंपनीत, कधी त्या. हा डबा त्यानं एकेक भाग आणून घरीच बसवला होता, तेव्हा सुबोधचं लग्न नव्हतं झालं. आता त्याच्यासमोर दीप्ती बसते, सुबोधची बायको.

दीप्ती आधी मॉलमध्ये क्रीम-पावडरीच्या काउंटरवर उभी राहायची. तिथं बसायला परवानगी नाही, गिऱ्हाईक असो नसो. तिच्या पोटऱ्यांवर निळ्या शिरा गाठीसारख्या वर आल्या. डॉक्टर म्हणाला, उभं राहायचं काम सोडा, नाहीतर ऑपरेशनला पैसे साठवा. तिनं काम सोडलं आणि घरी बसून लग्नांचे व्हिडिओ कापायला, जोडायला शिकली. कोणाकडून शिकली तर मोबाइलकडून. दिवसभर कानांवर ते जाड हेडफोन. हाक मारली तर ऐकू येत नाही. मी तीनदा हाक मारायची, चौथ्यांदा खांद्याला हात लावायची, तर दचकून म्हणायची, "काय आई, घाबरले ना!" जशी मी चोर.

तर अंधेरीच्या एका स्टुडिओवाल्यानं, देवेश नाव त्याचं, तिला एक लग्न दिलं होतं. नमुन्यादाखल. सोमवारी सकाळी फिल्म पाहिजे. आवडली तर दर महिन्याचं काम पक्कं, घरून करायचं. नाही दिली तर दुसऱ्या मुली रांगेत आहेत, असं त्यानं तिला तोंडावर सांगितलं होतं. दीप्तीनं ते मला सांगितलं नाही. सुबोधला सांगत होती, मी ऐकलं. "झालं नाही तर मला परत मॉलमध्ये उभं राहावं लागेल," म्हणाली, आणि पोटरी चोळत बसली.

शनिवारी सकाळी कॉम्प्युटर अडकला. पडद्यावर नवरी नवऱ्याच्या गळ्यात हार घालत होती, तो हार हवेतच राहिला. दीप्तीनं बंद केला, चालू केला. जरा चालला, परत अडकला. या खेपेला नवऱ्याचा मामा तोंड उघडं ठेवून थांबला. शेवटी ती मिथुनला म्हणाली, "भावजी, जरा बघा ना."

मिथुनचा वहिनीवर राग नव्हता. नवरा तिचा तो, एवढाच तिचा दोष. त्यानं डब्याची बाजू उघडली, बॅटरी मारून आत बघितलं, आणि एक हिरवी पट्टी बोटानं दाखवली. "ही मेमरी. रॅम. एकच आहे, चार जीबीची. एवढ्यात व्हिडिओचं काम म्हणजे पातेलीत हत्ती शिजवायचा. शेजारची जागा रिकामी आहे, तिथं अजून एक बसेल."

"मग आणा ना तुम्ही."

"मी पवईला चाललोय, रात्री येईन. तोवर दुकान बंद." मग तो माझ्याकडं वळला. सुबोध दोन हातांच्या अंतरावर बूट घालत होता. रक्त तपासायच्या लॅबमध्ये तो कामाला आहे, घरोघर जाऊन नमुने गोळा करतो. स्टेशनकडच्या गल्लीतलं दुकान त्याच्या रस्त्यात येतं.

"आई, त्याला सांग, येताना मेमरी घेऊन ये म्हणावं. चारची."

"सुबोध," मी म्हटलं, "येताना मेमरी घेऊन ये. चारची."

"चारची," सुबोध म्हणाला. बुटाची नाडी ओढली आणि गेला.

मी शब्द खाल्ला नाही, वाढवला नाही. जसा मिळाला तसा दिला.

शनिवारी संध्याकाळी तो पट्टी घेऊन आला, पण थकला होता, उद्या बसवतो म्हणाला. आणि रविवारी सकाळी पाण्यावरून पेटलं.

टाकी धुणार म्हणून पाणी लवकर जाणार होतं. मिथुननं खाली बोर्डावर वाचलं आणि मला म्हणाला, "त्याला सांग." मी सांगितलं. सुबोधच्या कानाला फोन होता, त्यानं नुसतं हूं हूं केलं. मग सावकाश अंघोळीला गेला. अंगभर साबण लावला आणि नळ घोरायला लागला. टॉवेल गुंडाळून, डोळे मिटून तो बाहेर आला.

"आई! पाणी जाणार हे सांगता येत नाही?"

"सांगितलं होतं की."

मिथुन पलंगावर लोळत होता. खदाखदा हसला. "आई, त्याला सांग, सांगितलं होतं. त्याला सांग, कानातपण साबण गेलाय."

"त्याला सांग, दात पाडीन," सुबोध म्हणाला. मग माझ्यावरच आला. "तू ना आई, नेहमी अर्धं सांगतेस. अर्धं सांगायचं आणि मजा बघायची."

"हे मात्र खरं आहे," मिथुन म्हणाला. कोणाशी सहमत होतोय ते त्याच्या लक्षात आलं नसावं. "परवा पण तिनं बिलाचं नीट सांगितलं नाही."

म्हणजे दोघं एकमेकांशी बोलणार नाहीत, पण माझ्याविरुद्ध एक होणार. माझ्या डोक्यात तिडीक गेली. हातातली पळी मी ओट्यावर आपटली.

"ऐका दोघंही. आजपासून तुमचा एक निरोप मी नेणार नाही. मी काय पोस्ट आहे? जीभ दिलीय ना देवानं—देव नाही तर आईनं दिलीय, मीच दिलीय. ती वापरा. नाहीतर मुके राहून मरा."

दीप्तीनं एक हेडफोन कानावरून बाजूला केला. "आई, भांडण नंतर करा. आधी मेमरी बसवा कोणीतरी. माझं अर्धं लग्न बाकी आहे."

"अर्ध्या बादलीची सोय करतेस का आधी?" सुबोध म्हणाला. पिण्याच्या पाण्यातलं तांब्याभर घेऊन त्यानं अंग पुसलं आणि तसाच, साबणाचा वास येत, कॉम्प्युटरसमोर मांडी घालून बसला.

"भावजींना बसवू द्या ना," दीप्ती म्हणाली. "त्यांना येतं."

"त्याच्याशिवाय काय अडत नाही. पट्टी तर घालायची आहे. मोबाइलचं सिम घालतो तसं." त्यानं डबा आडवा केला, बाजू काढली. प्लास्टिकचं पाकीट दातानं फाडलं.

मी जमिनीवर मेथी निवडत होते. तिथून मला सगळं दिसत होतं. सुबोधचा वाकलेला पाठकणा, त्याच्या हातातली हिरवी पट्टी, डब्यातली दोन लांब फटी. एका फटीत जुनी पट्टी उभी होती, दुसरी फट रिकामी. त्यानं नवी पट्टी रिकाम्या फटीवर ठेवली. बसेना. उलटी केली. बसेना. पट्टीच्या खालच्या कडेला एक खाच असते, आणि फटीत तिच्यासाठी एक उंचवटा. उंचवटा एका जागी होता आणि खाच त्याच्या जरा बाजूला. जरासाच फरक. पण जरासा फरक म्हणजे फरकच.

मिथुन पलंगावरून अर्धा उठला. मान लांब करून त्यानं बघितलं. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्याला कळलं होतं. पलंग आणि कॉम्प्युटर यांच्यात दोन पावलांचंसुद्धा अंतर नाही. हात लांब केला असता तर सुबोधचं मनगट धरता आलं असतं.

"आई," तो म्हणाला, "त्याला सांग, थांब म्हणावं. ती नाही बसणार. खाच जुळत नाहीये."

मी मेथीची काडी मोडली. पानं ताटात, काडी बाजूला.

"आई, सांग ना! जोर लावू नको म्हणावं!"

सुबोध थांबला होता. हे मी मुद्दाम लिहिते, कारण नंतर त्यानं ते नाकारलं. त्याचे दोन्ही अंगठे पट्टीच्या वरच्या कडेवर होते आणि तो थांबला होता. त्यानं मान वळवून माझ्याकडं बघितलं. ऐकू तर त्याला आलंच होतं. पण भावाच्या तोंडून आलेलं ऐकणं म्हणजे हार, आणि आईच्या तोंडून आलेलं म्हणजे निरोप. तो निरोपाची वाट बघत होता.

मी खाली बघून मेथी निवडत राहिले.

सुबोधनं दात आवळले आणि दाबलं.

कडकन आवाज झाला. पापड मोडावा तसा. प्लास्टिकचा एक काळा तुकडा उडाला आणि माझ्या मेथीत येऊन पडला.

"अरे गाढवा!" मिथुन ओरडला.

जयंतीनंतरचा हा पहिला शब्द. सरळ, भावाला, माझ्याशिवाय.

"गाढव कोणाला म्हणतोस?" सुबोध उठलाच. "तूच म्हणालास ना चारची! ही बघ, लिहिलंय, चार जीबी!"

"डीडीआर चार! अक्कल! मेमरीचे प्रकार असतात, तीन, चार, पाच. हे मशीन चारचं आहे. तू तीनची आणलीस."

"डीडीआर कुठं म्हणालास? चारची म्हणालास, चारची!"

"दुकानदाराला विचारायचं!"

"मी कशाला विचारू? हुकूम तुझा. नीट सांगायला काय झालं होतं? मुद्दाम केलंस. मी तोंडावर पडावं म्हणून."

"मी मुद्दाम? माझं लग्न कोणी मोडलं मुद्दाम?"

"मोडलं? खरं बोललो मी. टिकतोस का कुठं? सांग ना, आता या पवईत किती दिवस झाले?"

"तू लोकांचं रक्त पिशवीत घालून फिरतोस, तू मला सांगू नको!"

समोरच्या दाराची कडी वाजली. कोणीतरी ऐकायला उभं राहिलं होतं. एवढ्या महिन्यांचं साठलेलं एकदम बाहेर पडत होतं, आणि त्यात मेमरीचं कुणालाच काही पडलं नव्हतं. दोघं एकदम माझ्याकडं वळले. "आई, काय म्हणाला होता हा?" "आई, सांग याला, मी काय म्हणालो होतो!"

"चारची," मी म्हटलं. "तेवढंच."

दीप्ती मात्र पुढं सरकली. तिनं ती अडकलेली पट्टी हळूहळू ओढून काढली. कॉम्प्युटर सुरू करायला बटण दाबलं. आतून भोंग्यासारखे लांब आवाज आले, पडदा काळाच राहिला. तिनं बंद केला. मग सगळ्या वायरी काढल्या, जुनी पट्टीपण काढून घेतली, डबा उभा केला, ओढणी खांद्यावर घेतली.

"कुठं चाललीस?" सुबोधनं विचारलं.

"दुकानात."

"थांब, मी येतो."

"तुम्ही दोघंही नका येऊ. भांडा तुम्ही." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "आई, तुम्ही चला. काय सांगितलं होतं ते दुकानदारासमोर सांगा. तेवढं तरी सांगाल ना?"

रिक्षात डबा माझ्या मांडीवर. जड, कोपरे टोचणारा. दीप्तीच्या हातात त्या दोन पट्ट्या, जुनी आणि नवी, रुमालात गुंडाळलेल्या. सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा ती समोर बघतच म्हणाली,

"आई, तुम्ही ऐकलं होतं ना?"

"काय?"

"भावजी काय म्हणाले ते. थांब म्हणावं, जोर लावू नको म्हणावं."

"ऐकलं होतं."

"मग सांगितलं का नाही?"

"सुबोधनंपण ऐकलं होतं," मी म्हटलं.

"ते मला माहीत आहे. मी तुम्हाला विचारतेय."

"सकाळीच सांगितलं होतं मी, निरोप नेणार नाही. शब्द म्हणजे शब्द."

"बरोबर. आणि शब्द पाळायला तुम्हाला माझंच काम सापडलं." ती आता माझ्याकडं वळली. डोळे कोरडे होते, त्याचीच मला भीती वाटली. "तुम्हाला मी घरात बसून काम केलेलं नकोच आहे. कानात बोळे घालून बसते, असं शेजारणींना सांगता ना? मला कळतं."

"तुझं काम बुडावं असं मला वाटलं नव्हतं."

"वाटलं नसेल. पण बुडताना बघत तर बसलात. मेथी निवडत."

सिग्नल सुटला. मी डबा घट्ट धरला. उत्तर होतं माझ्याकडं, चांगली दोन-तीन होती, पण रिक्षावाला आरशातून बघत होता.

दुकानदार हर्षदभाई अर्धं शटर ओढून कुलूप शोधत होता.

"रविवार आहे बेन. उद्या या."

"उद्या सकाळी मला काम द्यायचंय."

"तर काल यायचं."

"काल आलो होतो. ही तुमच्याकडूनच नेली." दीप्तीनं नवी पट्टी पुढं धरली.

त्यानं ती हातात न घेताच बघितली. "पाकीट फोडलंय. फोडलेला माल परत नाय."

"परत घ्या म्हणतच नाही. तुम्ही चुकीची दिलीत एवढंच म्हणते."

आता तो पुरता वळला. "चुकीची? मी? काल तो माणूस आला, गळ्यात लॅबची बॅग. बोलला, चारची द्या. मी बोललो, चारची म्हणजे काय? चार जीबी का डीडीआर चार? दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बोलला, चारची सांगितलीय, चारची द्या. कोणी सांगितलीय? बोलला, भावानं. मी बोललो, भावाला फोन लावा, मी बोलतो त्याच्याशी. तर बोलला, आम्ही बोलत नाय!" हर्षदभाईनं कपाळावर हात मारला. "मग मी विचारलं, मशीन किती जुनी? बोलला, लई जुनी, नुसतं भंगार. भंगार बोलला म्हणून मी जुन्यातली काढली, डीडीआर तीन, चार जीबी. आता तुमच्या घरात बोलत नाय त्याला मी काय करू? मी मेमरी विकतो बेन, तोंड नाय विकत."

भंगार. मिथुननं एकेक भाग आणून जुळवलेल्या डब्याला सुबोध परक्या दुकानात भंगार म्हणाला होता. नुसतं चार वर्षांपूर्वीचं का आठ वर्षांपूर्वीचं, एवढं सांगितलं असतं तरी दुकानदाराला अंदाज आला असता. पण त्याला भावाच्या वस्तूला नाव ठेवल्याशिवाय राहवलं नाही.

दीप्ती माझ्याकडं बघत होती. मी सांगावं म्हणून.

"चारचीच सांगितली होती," मी म्हटलं. "चूक यांची नाही."

"हां, माजीला समजतं," हर्षदभाई म्हणाला. "माजी, कुकरची रिंग आणायला जाता तर काय करता? जुनी हातात घेऊन जाता ना? का नुसतं बोलता, पाचची द्या?"

"जुनी घेऊन जाते."

"मग! हीपण तशीच आणायची. जुनी दाखवायची, तिच्याशी खाच जुळवायची. का आकड्यावर लग्न लावता?"

बोलता बोलता त्यानं शटर वर केलं होतं. आम्हाला आत घेतलं आणि परत अर्धं ओढलं, दुसरं गिऱ्हाईक नको म्हणून. दीप्तीनं रुमाल सोडला. त्यानं दोन्ही पट्ट्या काउंटरवर शेजारी शेजारी ठेवल्या. दोन्ही हिरव्या, दोन्ही सारख्या लांबीच्या, दोन्हींवर चारचा आकडा. कोणीही म्हणेल बहिणी आहेत. मग त्यानं दोन्ही कडा एकीला एक लावल्या, तेव्हा खाचा पुढंमागं दिसल्या.

डबा उघडून त्यानं आत फुंकर मारली. "ही फट मेली. बाजू तुटली, पिना वाकल्या. कोणी घातली? पैलवान आहे?"

"नवरा आहे माझा," दीप्ती म्हणाली.

"बरं. बोर्ड वाचला असेल, बघू." त्यानं वाकलेल्या पिना चिमट्यानं अलग केल्या. जुनी पट्टी तिच्या जागी घातली, बटण दाबलं. भोंगा वाजला नाही. पडदा उजळला. दीप्तीनं इतका वेळ धरलेला श्वास सोडला, तो मला ऐकू आला.

"आता ऐका. एकच फट राहिली. दोन छोट्या घालायचं विसरा. जुनी काढा, तिच्या जागी एकच मोठी घाला. डीडीआर चार, सोळा जीबी. परत बोला."

"डीडीआर चार, सोळा जीबी," दीप्ती म्हणाली.

"दोन आकडे आहेत. दोन्ही बोलायचे. भाव मात्र विचारू नका, आजकाल सोनं परवडलं."

त्यानं नवी पट्टी ठेवली. आधी खाच बघितली, मग दोन बोटांनी दाबली. टक. लहानसा आवाज, पेटीची कडी लागावी तसा. पडद्यावर आकडा आला, तो दीप्तीनं स्वतः वाचून घेतला. तिनं मोबाइलवरून पैसे दिले. मॉलच्या शेवटच्या पगारातून तिनं बाजूला ठेवलेले ते पैसे होते, ऑपरेशनसाठी, हे मला ठाऊक होतं.

परतताना डबा तिनंच मांडीवर घेतला.

सोमवारी फिल्म वेळेवर गेली. देवेशला आवडली. दीप्तीचं काम पक्कं झालं. कॉम्प्युटर आता अडकत नाही, नवऱ्याच्या गळ्यात हार नीट पडतो. त्या दोन चारच्या पट्ट्या, एक चाललेली आणि एक कधीच न चाललेली, माझ्या सुईदोऱ्याच्या डब्यात पडून आहेत. टाकून द्यावंसं कोणालाच वाटलं नाही.

पोरांचा अबोला त्या दिवशी मोडला तो मोडलाच. म्हणजे गोडी झाली असं नाही. "ए, पंखा कमी कर." "तूच कर, हात तुटलेत का?" असं चालतं. चेंबूरचं लग्न दर दोन दिवसांनी परत मोडतं, भंगार हा शब्द मिथुनच्या कानावर गेला त्यालाही आता बरेच दिवस झाले, तरी तो शिळा होत नाही. पण जे बोलतात ते तोंडावर बोलतात. माझ्याकडं कोणी वळत नाही. आई, त्याला सांग, हे शब्द घरातून गेले. मी मध्येच काही म्हटलं तर दोघं म्हणतात, "तू थांब गं."

आणि दीप्ती माझ्याशी बोलत नाही.

भांडत नाही, उलट उत्तर देत नाही. ताट वाढते, औषधाची गोळी पाण्याच्या पेल्याशेजारी ठेवते, साडी वाळली की घडी घालून ठेवते. फक्त बोलत नाही. मी पहिले काही दिवस बोलून बघितलं. मग मीपण सोडलं. मला काय गरज पडलीय.

आज सकाळी ती ओट्याशी उभी होती आणि मी तिच्यामागं, हात लांब केला तर तिच्या पाठीला लागेल इतकी. गॅसवरून पातेलं उतरवत ती नवऱ्याला म्हणाली,

"अहो, आईंना सांगा, चहा झालाय."

मी ऐकलं. कप माझ्यासमोरच होता, वाफ माझ्या तोंडावर येत होती. मी सुबोधकडं बघितलं. तो मोबाइलमध्ये मान घालून बसला होता. हूं हूं म्हणाला.

मी उभी राहिले. तो सांगेल म्हणून. चहावर साय धरली, तरी त्यानं मान वर केली नाही.